अपुरा कठडा

काकांनी पूर्ण कप चहा पिलेला मी कधी पाहिला नाही. शेवटचा घोट ठेवायचे म्हणजे ठेवायचेच. पहिल्या दिवशी मला वाटलं, आपल्याच चहात काही पडलंय, म्हणून कप उजेडात धरून पाहिला. काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी तोंडावरच विचारलं, कारण पोटात ठेवून कुढत बसायचा माझा स्वभाव नाही.

"काका, चहा आवडत न्हाई का आमचा?"

"आवडतो ना. म्हणून तर ठेवला."

मी कप उचलला आणि मोरीत नेऊन विसळला.

जालन्यात एमआयडीसीच्या अलीकडं त्यांचं घर होतं. खाली काका एकटे, वर गच्चीवर एक खोली. ती आम्ही भाड्यानं घेतली होती. आमचे हे लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये कामाला, मी बियाण्याच्या कंपनीत उगवण तपासायला, आणि चिमी चार वर्षांची. गाव आमचं घनसावंगीकडचं. गावाकडं माणसांची सवय, इथं कोणी ओळखीचं नाही, म्हणून वयस्कर घरमालक मिळाला याचा मला केवढा आनंद झाला होता! म्हटलं, पोरीला आजोबा मिळाले. काका मिलमध्ये जन्मभर टर्नर होते, लेथ मशीनवर लोखंड कातायचे. बायको वारलेली, एकुलती मुलगी लग्न होऊन इस्राएलला गेलेली.

गल्लीत त्यांना शनवारकाका म्हणायचे. शनिवारी ते चूल पेटवत नसत, बटण दाबत नसत, शुक्रवारी करून ठेवलेलं खायचे. मिलची साप्ताहिक सुट्टीही शनिवारी होती, आणि तेवढ्यासाठी ते तरुणपणी कोकणातून इतक्या लांब आले होते. कोणी त्यांना पारशी समजायचं, कोणी ख्रिश्चन. एक बाई तर शनीचे भक्त समजून दर शनिवारी दारात तेलाची वाटी ठेवून जायची. काका हसायचे. "बराबर ठिकाणी आणलं बाईनं. आमचे आजे-पणजे कोकणात तेलीच होते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे यहुदी. शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली म्हणायचे आम्हाला." मग ती वाटी रविवारी त्या बाईच्या घरी नेऊन द्यायचे.

तर सांगत होते, त्यांच्या घरात कुठलंच काम पुरं नव्हतं. फाटकाची एक बाजू हिरवी, दुसरीला नुसता प्रायमर. पेपरातलं शब्दकोडं सोडवायचे, पण शेवटच्या शब्दाचे रकाने रिकामे. उत्तर मात्र तोंडानं सांगायचे! क्रिकेटची मॅच शेवटच्या षटकापर्यंत बघायची आणि टीव्ही बंद करायचा. मग जीव राहायचा नाही, तेव्हा शेजारच्या दुकानात जाऊन "कोण जिंकलं?" म्हणून विचारायचं. प्रार्थना तेवढी पूर्ण म्हणायचे. ती रोजची आहे, रोज नव्यानं सुरू होते, तिला धोका नाही, असं त्यांचं म्हणणं. मला तेव्हा धोका कसला ते कळलं नव्हतं. म्हटलं, एकट्या माणसाचं डोकं असंच चालत असेल.

हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं ते एकच. गच्चीचा कठडा.

तीन बाजूंनी कठडा पक्का, कमरेच्या वर. चौथ्या बाजूला, आमच्या खोलीच्या दारासमोरच, दोन हात जागा मोकळी सोडलेली. खाली अंगणात शहाबादी फरशी. खोली बघायला आलो तेव्हा तिथं एक खाट उभी करून ठेवली होती, म्हणून लक्षात आलं नाही. सामान लावताना खाट हलवली तेव्हा कळलं. चिमी म्हणजे पायाला भिंगरी. आंघोळ झाली की ओल्या अंगानं गच्चीवर पळणार.

आमचे हे त्याच संध्याकाळी खाली गेले. "काका, मिस्त्री आणतो मी उद्या. विटा बी मिलच्या मागं पडेल हैत. एका दिवसाचं काम."

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. "न्हाई. त्याला हात लावायचा न्हाई."

"अहो पण लेकरू हे घरात."

"मी बसत जाईन तिथं," काका म्हणाले.

आणि खरंच बसायला लागले. चिमी गच्चीवर आली की खालून काका खुर्ची घेऊन वर यायचे, त्या मोकळ्या जागेत खुर्ची घट्ट बसवायचे आणि अंगणाकडं पाठ करून बसायचे. हे ऐकायला सोपं वाटतं. पण काकांना उंचीची भयंकर भीती होती. स्टुलावर चढून बल्ब बदलता येत नसे त्यांना. खुर्चीचे हात इतके आवळून धरायचे की बोटं पांढरी व्हायची. थंडीतही कपाळावर घाम. तोंडानं चिमीला गोष्ट सांगायचे आणि पाय थरथर कापत असायचे. मी भाजी निवडता निवडता बघायचे, आणि मला चीड यायची आणि कीवही यायची. भीती तर होतीच. काका बाजारात गेले तर? आजारी पडले तर? मी कामावर असले की शेजारीण चिमीला सांभाळायची, पण माझं अर्धं चित्त त्या दोन हात जागेत अडकलेलं. तिकडं ट्रेमधली उगवलेली रोपं मोजताना आकडा चुकायचा आणि परत पहिल्यापासून मोजायला लागायचं.

ह्यांनी शेवटी एक पत्रा आणून तारेनं बांधला. त्याला काका काही बोलले नाहीत. पत्रा म्हणजे काही काम पुरं झालं असं नव्हे, म्हणून चाललं. पण पत्र्यावर त्यांचाही भरवसा नव्हता. त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसणं सुरूच राहिलं.

एकदा मी भांडलेच. म्हटलं, "काका, हे काय खूळ घेतलंय डोक्यात? सांगा तरी. न्हाईतर आम्ही खोली सोडतो."

तेव्हा सांगितलं त्यांनी. खुर्चीचे हात धरून, माझ्याकडं न बघता.

"आमच्यात असं मानतात पोरी, आत्मा उगाच पाठवत न्हाईत. त्याला एक काम देऊन पाठवतात. मागच्या खेपेला काहीतरी बिघडवलेलं असतं, न्हाईतर करायचं राहिलेलं असतं, तेवढं दुरुस्त करायला. तिक्कून म्हणतात त्याला. दुरुस्तीच. मिलमध्ये रिजेक्ट झालेला लोखंडाचा जॉब परत लेथवर चढतो का न्हाई, तसे आपण सगळे. नीट झालं की सुटका. न्हाई झालं की परत पाठवणी. माणूस म्हणून, कधी जनावर, कधी झाडाचं पान, कधी दगडसुद्धा."

"मंग आमच्यात तरी काय वेगळं हे?" मी म्हटलं. "माझी आई चौऱ्याऐंशी लक्ष योनी सांगती. पण तिला फेऱ्यातून सुटायचंय. तिला काही भ्या न्हाई वाटत."

"तुझ्या आईला सुटायचंय. मला न्हाई सुटायचं," काका म्हणाले. "मला इथंच बरं वाटतं."

मग त्यांच्या वडलांची गोष्ट सांगितली. कोकणातल्या गावी त्यांच्या लोकांच्या कबरस्तानाला कुंपण नव्हतं. गुरं शिरायची. वडील दर उन्हाळ्यात थोडी थोडी भिंत रचायचे. ज्या दिवशी भिंत पुरी झाली त्या दिवशी घरी आले, हात धुतले, जरा पडतो म्हणाले, आणि गेले. आई रडत रडत म्हणाली, "त्यांचं काम झालं, बोलावून घेतलं." काका तेव्हा शाळेत जाणारे. ते वाक्य त्यांच्या मनात जे बसलं ते बसलंच. पुढं त्यांची बायको. ती म्हणायची, पोरीचं लग्न झालं की मी मोकळी. लग्न झालं आणि हातावरची मेंदी जायच्या आत ती मोकळी झाली.

"आपलं काम कोणतं ते कोणाला सांगून पाठवत न्हाईत," काका म्हणाले. "म्हणून मी कुठलंच पुरं करत न्हाई. कोण जाणे, फाटकाचा रंगच असला तर?"

मला हसू आलं. पण त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि ते मावळलं. म्हातारा माणूस खरोखर घाबरलेला होता. दिवसरात्र, चहाच्या घोटाला, शब्दकोड्याला घाबरून जगत होता.

"आणि हा कठडा?"

काकांनी मागं न बघता पत्र्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "हाच असणार. आमच्या धर्मात घराच्या गच्चीला कठडा घालायची आज्ञाच आहे. वरून कोणी पडलं तर त्याचं रक्त घरमालकावर. आणि मला लहानपणापासून एकच स्वप्न पडतं. मी गच्चीवर उभा आहे. खाली कोणीतरी पडलेलं आहे. तोंड दिसत न्हाई. घर मात्र माझं आहे, हे मला बराबर ठाऊक असतं." त्यांनी कपाळ पुसलं. "मागच्या जन्मी मी कठडा घातला न्हाई. तेवढ्यासाठी परत पाठवलंय मला. हे घर बांधलं, तीन बाजू झाल्या, चौथी भरत आली, आणि माझे हातच चालंनात."

मी खोलीत जाऊन निवडायची राहिलेली भाजी पुढं ओढली. एका बाजूला माझं लेकरू, दुसऱ्या बाजूला हा माणूस आणि त्याचा जीव. खुळं म्हणावं तर सगळं पटल्यासारखं वाटायचं, आणि पटलं म्हणावं तर दोन हात जागा तशीच मोकळी.

त्यांच्या घरात जेवताना पण अशीच धास्ती. केळं सोललं तरी त्याच्यावर प्रार्थना म्हणायचे, कोणाचा जीव त्यात अडकून बसला असेल तर तो वर जावा म्हणून. मासा असला तर जास्तच जपून. चांगली माणसं मासे होऊन येतात म्हणे, त्यांचं थोडंच राहिलेलं असतं. आमची चिमी ते ऐकून वरणातल्या टोमॅटोशी बोलायला लागली. "ए टोमॅटो, तू कोण होतास रे?" ह्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

उन्हाळा आला. गच्चीवर मी सकाळीच कुरडया घातल्या होत्या. शनिवार होता, दुपार कलत आलेली. चिमी काठी घेऊन कावळे हाकलत होती. काका तिच्यासाठी खुर्चीत बसले होते, पण त्यांच्या दुपारच्या प्रार्थनेची वेळ झाली, म्हणून उठून भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. प्रार्थना सुरू झाली की ते मध्ये बोलत नसत की हलत नसत. मी पलीकडच्या टोकाला वाळलेल्या कुरडया सोडवत होते.

एकदम वावटळ उठली. कुरडया घातलेलं लुगडं एका कोपऱ्यातून उचललं गेलं. "आई, कुरडया चालल्या!" म्हणून चिमी त्याच्या मागं धावली. खुर्ची कलंडली. पत्र्याची तार तुटली. पत्रा आधी वाकला आणि मग गेला. खाली फरशीवर त्याचा जो आवाज झाला तो अजून माझ्या कानात आहे. मला ओरडायला सुद्धा झालं नाही.

काकांनी प्रार्थना अर्ध्यावर टाकली. ज्यांना स्टुलावर उभं राहता येत नव्हतं ते काका पोटावर पडले होते, त्यांचं डोकं आणि एक हात गच्चीच्या बाहेर, आणि त्या हातात चिमीचा फ्रॉक. तिचे पाय हवेत. मी कशी पोचले माहीत नाही. तिला ओढून छातीशी धरलं, तेव्हा काकांचा हातही तिच्याबरोबर ओढला गेला. मूठ सुटत नव्हती. एकेक बोट उचलून उघडावं लागलं.

ते मात्र तसेच पडून खाली बघत होते. "हेच," म्हणाले. "हेच बघतो मी झोपेत."

मी पोरीला मारलं, मग पोटाशी धरून रडले. काका उठून बसले. दम लागला होता. म्हणाले, "उद्या रविवार. तुझ्या नवऱ्याला सांग, विटा आण."

आणि आता बघा माणसाचं मन. इतके महिने मी ज्याच्यासाठी भांडले, तेच दुसऱ्या दिवशी सकाळी मला नको झालं. ह्यांनी सिमेंट कालवलं होतं. काका पांढरा सदरा घालून वर आले. मला किल्ल्या दिल्या. कपाटात वरच्या कप्प्यात पांढरं कापड आहे, त्यातच मला गुंडाळा म्हणाले. जालन्यात आमचं कबरस्तान न्हाई, मुंबईच्या पाहुण्यांना फोन करा, आमच्यात प्रार्थनेला दहा माणसं लागतात, ते बघतील. हे सगळं असं सांगितलं, जसं कोणी आष्टीला बाजाराला निघालंय.

मी त्यांच्या हातातली थापी धरली. "काका, राहू द्या. खरंच राहू द्या. आम्ही उद्याच खोली सोडतो. घनसावंगीला जाऊ, कुठंही जाऊ."

"तू जाशील पोरी. मंग दुसरं कोणी येईल. त्याला लेकरू असंल."

"पण तुम्ही भ्याले ना किती!"

"भ्यालोच आहे," काका म्हणाले. "सोड थापी."

विटेवर वीट बसत गेली. ह्यांनी एकही वीट रचली नाही, काकांनी रचू दिली नाही. शेवटची वीट हातात घेऊन किती वेळ उभे होते, देव जाणे. डोळे मिटले, ओठ हलले, आणि वीट बसवली. वरून थापी फिरवली, आणि टर्नरच्या सवयीनं कडेवरून अंगठा फिरवून पाहिला, सरळ आहे का. मग जिना उतरून खाली गेले आणि दार लावून घेतलं.

त्या रात्री आम्हा दोघांना झोप लागली नाही. सकाळी मी चहा घेऊन त्यांच्या दारापुढं उभी राहिले आणि माझा हात काही दाराकडं उचलेना. आतून आवाज नाही. चहा निवत चालला. मी देवाला म्हटलं, माझं काय घ्यायचं ते घे, पण हा माणूस उठू दे. तेवढ्यात दार आतून उघडलं. काका उभे. दाढी केलेली, डोळे लाल.

"न्हाई बोलावलं," म्हणाले.

मी रडायलाच लागले. "अहो मंग चांगलं झालं ना! बसा, चहा घ्या."

काका उंबऱ्यावर बसले. त्यांच्या तोंडावर आनंदाचं काही चिन्ह नव्हतं. "पोरी, जन्मभर ज्याला भ्यालो ते हे न्हाईच. मंग माझं काम कोणतं? आता या वयात कधी सापडायचं ते? न्हाई सापडलं तर परत यायचं. परत रांगायचं, परत दात यायचे, परत आई मरायची. मला न्हाई जमणार."

आणि मग जी उलटी गंगा सुरू झाली! फाटक रंगवलं. शब्दकोडी भरली. चहाचा कप उलटा करून दाखवायचे. मुलीनं फोनवर सांगितलं म्हणून मलिदा केला, पोहे, गूळ, खोबरं, फळं, आणि सगळ्या गल्लीला जेवायला बोलावलं. पुढं स्वतःचं संपलं तशी दुसऱ्यांची कामं धरली. "काही राहिलंय का तुमचं अर्धं?" असं दारोदार विचारत फिरायचे. पोरं त्यांना बघून पळायला लागली, कारण काका गृहपाठ पुरा करायला बसवायचे.

एके दिवशी मी कामावरून आले तर काका पायरीवर रिकाम्या हातानं बसलेले. "झालं सगळं," म्हणाले. "आता काही राहिलं न्हाई." मी चप्पलसुद्धा काढली नाही. वर जाऊन मी कुकरच्या दांड्याचा स्क्रू ढिला केला आणि कुकर घेऊन खाली आले. "काका, हे बघा ना जरा." त्यानंतर मला सवयच लागली. आज नळ, उद्या शिलाई मशीनचा पट्टा. हे म्हणायचे, "येडी झाली का तू? चांगल्या वस्तू खोलून राह्यली." झाले असेन. ज्यानं माझं लेकरू धरलं त्याचं काम संपू द्यायचं नाही, एवढंच मला कळत होतं.

शेवटी मुलगी येऊन त्यांना घेऊन जायला निघाली. एकटं ठेवणं तिला पटत नव्हतं, आणि तिचं बरोबरच होतं. जायच्या आदल्या दिवशी मी आमच्या खोलीच्या दाराची वरची बिजागरी ढिली केली आणि काकांना हाक मारली. ते पेचकस घेऊन वर आले. स्क्रूची डोकी त्यांनी जवळून पाहिली. ताजे ओरखडे होते. जन्मभराचा टर्नर, त्याला काय कळायचं राहतं? माझ्याकडं पाहिलं. मी खाली मान घातली.

त्यांनी एकेक स्क्रू आवळला. शेवटचा तळहातावर घेतला, जरा वेळ बघितला, आणि सदऱ्याच्या खिशात टाकला.

"हे माझं काम," म्हणाले. "आल्यावर करीन. तोवर कोणी हात लावायचा न्हाई."

काका तिकडं गेले. घर आम्हीच सांभाळतो. दर रविवारी त्यांचा फोन येतो. आधी चिमीची चौकशी, मग इकडचं ऊन, आणि शेवटी विचारतात, "बिजागरी?"

"तशीच हे काका. दार खालून घासतं."

"घासू दे," म्हणतात, आणि फोन ठेवतात.

परवा आमचे हे बाजारातून नवा स्क्रू घेऊन आले. म्हणाले, रोज सकाळी त्या दाराच्या आवाजानं जाग येते, किती दिवस सहन करायचं? पेचकस घेऊन स्टुलावर चढलेसुद्धा. मी ओट्यापासून धावत आले, त्यांचे पाय धरून त्यांना खाली ओढलं आणि तो स्क्रू हिसकावून घेतला. "ते काम काकांचं हे," म्हटलं, आणि स्क्रू पदराच्या गाठीत बांधला.